डॅशबोर्डातली पोथी

पाडव्याच्या सकाळी मोटारींच्या एखाद्या दुकानापुढे उभे राहावे आणि तिथली लगबग पाहावी. नव्या मोटारीच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पेढ्यांचा पुडा फुटतो. मग दुकानातला एक चुणचुणीत तरुण मालकांना स्टिअरिंगपुढे बसवतो आणि दहा मिनिटांत मोटारीची सारी विद्या सांगून मोकळा होतो. त्या दहांतली सहा मिनिटे फोन मोटारीला कसा जोडावा यात जातात, दोन गाणी कशी लावावीत यात, आणि उरलेल्या दोहोंत छायाचित्र निघते. शेवटी तो डॅशबोर्डाचा कप्पा उघडतो, आतले जाडजूड पुस्तक दाखवून म्हणतो, "सगळं यात आहे, साहेब," आणि कप्पा मिटतो. तो पुढे बहुधा मोटार विकली जाईपर्यंत मिटलेलाच राहतो.

काही घरांतून देव्हाऱ्याशेजारी तांबड्या रुमालात बांधलेली पोथी असते. तिला हळदकुंकू वाहिले जाते, चातुर्मासात फूल वाहिले जाते. रुमालाची गाठ मात्र सुटत नाही. डॅशबोर्डातल्या पुस्तकाचे नेमके तसे आहे. फरक इतकाच की देव्हाऱ्यातली पोथी वाचली नाही तर फार तर पुण्य बुडेल. ही वाचली नाही तर माणूस बुडतो.

"तुम्ही मराठीचे प्राध्यापक. वर्षभर या सदरात शब्दांची कुळे सांगत बसता. तुम्हाला मोटारीत काय कळते?" असे कुणी वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. पण पुस्तक वाचणे हा माझा पोटाचा धंदा आहे आणि ही पोथीही एक पुस्तकच आहे. शिवाय मोटारीच्या अंगावर शब्द थोडे नाहीत. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावीत, तोच मूळचा डॅशबोर्ड. घोडा गेला, चिखल गेला, फळीचे नाव उरले. ज्याला आपण स्टेपनी म्हणतो ते वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्याचे नाव. १९०४ च्या सुमारास तिथल्या एका कारखान्याने जादा चाक बाजारात आणले. ते चाक तिकडे विसरले गेले आणि नाव आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात रुळले.

असो. शब्दांचे कूळ आज इतके पुरे. ही पोथी मन लावून वाचली की एक गोष्ट पानोपानी दिसते. मोटारीत आपल्या रक्षणासाठी जी जी सोय बसवलेली असते, तिला एक अट असते. सोयीचे पैसे आपण दुकानात मोजतो. अट मात्र पोथीत राहते. आणि अट पाळली नाही तर सोय कामाला येत नाही, कधी कधी तर ती उलटते.

सुरुवात दिव्यांपासून करू. किल्ली फिरवली की डॅशबोर्डावर चिमुकल्या चित्रांची दिवाळी होते आणि काही क्षणांत मावळते. ही चित्रे म्हणजे एक लिपी आहे आणि तिचे व्याकरण तीन रंगांत मावते. हिरवा वा निळा म्हणजे नुसती माहिती: अमुक चालू आहे. पिवळा म्हणजे लक्ष द्या, लवकर दाखवून घ्या. तांबडा म्हणजे थांबा. तेलाच्या झारीसारखे चित्र तांबड्या रंगात पेटले, तर इंजिनातल्या तेलाचा दाब पडला आहे. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असे म्हणणारा पंपापर्यंत पोहोचतोही, पण इंजिन तिथवर जिवंत पोहोचेलच असे नाही. सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे, हाच त्या झारीचा अर्थ. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि आत उद्गारचिन्ह दिसले, तर टायरातली हवा कमी झाली आहे. उद्गारचिन्ह कुठे द्यावे हे शिकवताना विद्यार्थ्यांपुढे माझा घसा कोरडा पडतो. मोटारीच्या कारखानदाराने ते अगदी योग्य जागी दिले आहे.

दुसरी लिपी बाहेरच्यांसाठी असते. इंडिकेटर, डिप्पर, हॉर्न आणि चारही दिवे एकदम मिचकावणारे ते तांबड्या त्रिकोणाचे बटण, एवढ्या चार शब्दांत आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसांशी बोलत असतो. भाषा म्हटली की दोघांचा अर्थ एकच हवा, आणि आपण इथेच गोंधळ घातला आहे. त्रिकोणाच्या बटणाची अट अशी की आपली गाडी बंद पडली आहे, किंवा ती रस्त्यावर अडथळा होऊन उभी आहे, हे मागच्याला सांगण्यासाठी ते दाबावे. आपल्याकडे चौकात "मी सरळ जाणार" हे सांगायला ते दाबतात. डाव्या बाजूने येणाऱ्याला फक्त डावा दिवा मिचकावताना दिसतो, उजवीकडच्याला उजवा. दोघेही आपापल्या परीने बरोबर वाचतात, आणि दोघांचेही चुकते. पावसाळ्यात घाटातून जाताना सारी रांगच्या रांग चारही दिवे मिचकावीत चाललेली दिसते. आता यांतला कोण उभा आहे आणि कोण चालला आहे हे मागच्याने कसे ओळखावे? शिवाय पुष्कळ मोटारींत ते चार दिवे चालू असताना वळण्याची खूण करताच येत नाही. पावसात लावायचे ते साधे हेडलाइट, तेही खालच्या झोताचे. म्हणजे आपल्याला दिसते आणि आपण इतरांना दिसतो.

डिप्परचेही तेच. "रात्री डिप्पर वापरा" ही विनंती मालमोटारींच्या पाठीवर वाचत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. समोरून गाडी येत असता वरचा झोत खाली घ्यावा, एवढीच ती विनंती. डॅशबोर्डावरचे निळे चित्र पेटले आहे याचा अर्थ आपला झोत वर आहे आणि समोरचा माणूस काही क्षण आंधळा झाला आहे. त्या क्षणांत तो आपल्याच दिशेने येत असतो, हे ध्यानात घेतले तर ती विनंती त्याच्यापेक्षा आपल्याच हिताची आहे हे पटेल. हॉर्नविषयी काय बोलावे? मालमोटारींच्या पाठीवरचे "हॉर्न ओके प्लीज" हे वाक्य २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने बंद केले. विनंती पुसली, तिला मान देणारे हात अजून तसेच आहेत.

आता आतल्या माणसांकडे वळू. पट्ट्याची गोष्ट मोठी हृद्य आहे. कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा आजचा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन नावाच्या अभियंत्याने तयार केला आणि १९५९ साली तो मोटारीत बसला. कंपनीने त्याचे पेटंट घेतले, पण ते सर्वांना खुले ठेवले. जगातल्या कोणत्याही कारखानदाराने तो फुकट वापरावा, असे ठरले. इतके मोठे दान एखाद्या व्यापारी कंपनीने केल्याची उदाहरणे थोडी. आणि आपण त्या दानाचे काय केले? पट्टा न लावल्यास जी पिपाणी वाजते, तिचे तोंड बंद करायला खोटी कडी बाजारातून आणून खाचेत खुपसून ठेवली. या कड्या विकणे थांबवा, असा हुकूम २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांना काढावा लागला!

पुढच्या जागेवर निदान दंडाच्या भीतीने पट्टा लागतो. मागच्या जागेवरचे पट्टे मात्र नव्या सीटकव्हरखाली गाडले गेलेले असतात. गेल्या वर्षी आमच्या मावशीला घेऊन आम्ही कोकणात निघालो. "मावशी, पट्टा लाव," असे म्हटले तर ती म्हणाली, "अरे, मला काय गाठोड्यासारखी बांधून नेतोस? मी कुठे पळून जाणार आहे? आणि लुगड्याच्या निऱ्यांचे काय होईल?" मी म्हणालो, "मावशी, तू पळणार नाहीस. पण मोटार थांबली की तू थांबणार नाहीस." तिला ते पटेना. तेव्हा तिला एक साधा हिशेब सांगितला, तो वाचकांनाही सांगतो. ताशी ६० किलोमीटरने चाललेली मोटार कशावर तरी आदळून थांबते, तेव्हा आतला माणूस ताशी ६० नेच पुढे जात असतो. सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडलेला माणूस जमिनीवर ज्या वेगाने आपटतो, तोच हा वेग. पाचव्या मजल्याच्या गच्चीला कठडा हवा की नको? पट्टा म्हणजे तो कठडा. "मग असे आधी सांगायचे होतेस," म्हणून मावशीने पदर सावरला, आणि मी सीटकव्हरखाली हात घालून कडी शोधून काढली. पट्ट्याचीही अट आहे, तीही तिला सांगितली: खालचा भाग पोटावरून नको, कमरेच्या हाडावरून जायला हवा, वरचा काखेखालून नको, खांद्यावरून हवा. गरोदर बाईने तर हे विशेष पाहावे. खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा.

मागे बसणारा सुरक्षित असतो, हा आपला जुना समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या अपघातात गेले, त्यात मोटारीतल्या चौघांपैकी मागे बसलेले दोघे दगावले आणि पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या वर्षीचा केंद्र सरकारचा अहवाल सांगतो की देशात १६,७१५ माणसे पट्टा न लावल्यामुळे गेली. त्यांतले ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसे अशी की ज्यांच्या हाती स्टिअरिंग नव्हते, ब्रेक नव्हता. होता तो केवळ पट्टा.

आणि मुले? आईच्या मांडीवर पुढे बसलेले मूल हे आपल्याकडचे लाडके चित्र. आईच्या मिठीइतकी सुरक्षित जागा जगात नाही, हे कवितेत खरे आहे. मोटारीत ते खरे नाही. जोराने आदळणाऱ्या मोटारीत दहा किलोचे मूल त्या क्षणापुरते दोनशे किलोंहून जड होते, आणि तितके ओझे कोणत्याही आईचे हात धरू शकत नाहीत. मुलासाठी मागच्या जागेवर त्याच्या वयाची आणि वजनाची खास खुर्ची बांधावी. चौदा वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेले तर १,००० रुपये दंड, असे २०१९ मध्ये सुधारलेला मोटार वाहन कायदा सांगतो. पण हजार रुपयांची गोष्ट कोणत्या बापाला सांगावी?

एअरबॅगची अट तर पट्ट्यालाच जोडलेली आहे. ही पिशवी पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा लावलेला माणूस तिच्यावर येऊन विसावतो. न लावलेला पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगणारी पिशवी त्याला समोरून धडक देते. म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून थोडे अधिक, म्हणजे निदान २५ सेंटिमीटर अंतर हवे. आणि इथे एक नाजूक विषय काढतो. वाचकांनी रागावू नये. चालकाशेजारच्या माणसासमोर, जिथे डॅशबोर्डावर एअरबॅग ही अक्षरे उमटवलेली असतात, नेमकी तीच सपाट जागा आपल्याला गणपती बसवायला सोयीची वाटते. खालची पिशवी फुगली की ती त्या मूर्तीला बंदुकीच्या गोळीसारखी उडवते. विघ्नहर्त्याला आपण अशा जागी बसवावे की त्याच्यावरच विघ्न होण्याची पाळी यावी, हे बरे नव्हे. अत्तराची बाटली, फोनचा स्टँड यांचेही तेच. आणि मुलाची मागे तोंड केलेली खुर्ची पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही ठेवू नये. पुष्कळ मोटारींच्या उन्हाच्या झडपेवर हा इशारा चित्रासह छापलेला असतो. आपण त्या झडपेत टोलच्या पावत्या खोचतो.

आता ब्रेक. १८८८ च्या ऑगस्टात जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत तेलाची नळी तुंबली तेव्हा बाईंनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या लायनरची ती सुरुवात. माहितीपुस्तक नव्हते, बाईंनी यंत्र हातांनी वाचले.

त्या चामड्यापासून निघालेली वाट १९७८ साली एबीएसपर्यंत आली, आणि २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे झाले. कचकन ब्रेक दाबला की चाके अडकतात, मोटार घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. एबीएस चाकाला अडकू देत नाही. सेकंदाभरात कितीतरी वेळा ब्रेक सैल-घट्ट करते, म्हणून मोटार वळवता येते. तिची अट एकच: पाय उचलू नका. पण तसे होत असताना पायाखाली पेडल थरथरते, घरघर आवाज येतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो "काहीतरी मोडले" म्हणून घाबरून नेमका पाय उचलतो. ज्या क्षणासाठी ते यंत्र घेतले, त्याच क्षणी ते हातचे जाते! तेव्हा पूर्ण दाबा, दाबून धरा आणि मोकळ्या बाजूला वळवा. आणखी एक: सुट्या खडीवर किंवा मातीवर एबीएसने मोटार लवकर थांबेलच असे नाही, कधी अंतर वाढतेही. म्हणून पुढच्या गाडीपासून लांब राहण्याला एबीएस हा पर्याय नव्हे. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. हा निसर्गाचा नियम कोणत्याही कारखान्याला बदलता आलेला नाही.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे वीर बोरघाटात आणि खंबाटकीत आजही भेटतात. आजच्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत गिअर पडलेला असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंजिनाला इंधन जाणे बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते थोडे थोडे जातच राहते. म्हणजे बचतीचा हिशेबही उलटाच! आणि सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात, मग दाबूनही धरीत नाहीत. जुने ड्रायव्हर सांगत, "ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा." त्यांनी पोथी वाचलेली नव्हती, पोथीतही नेमके हेच आहे. आपोआप गिअर पडणाऱ्या मोटारींतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कुठे आहे हे घाटाच्या माथ्यावर शोधू नये.

टायरातली हवा किती हवी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर बहुधा लिहिलेले असते, आणि पुष्कळदा तिथे दोन आकडे असतात: एक दोघांतिघांसाठी, दुसरा भरल्या गाडीसाठी. दिवाळीत पाच माणसे, सामान आणि फराळाचे डबे घेऊन निघणाऱ्याने दुसरा आकडा पाहावा, आणि टायर थंड असताना मोजावा. स्टेपनीतली हवाही पाहावी. पावसात काचा आतून धुरकटल्या तर फडक्याने पुसत बसू नये. एसी लावून हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करावे, म्हणजे काही क्षणांत काच उजळते.

अगदी नव्या मोटारी तर आपण होऊन ब्रेक लावतात, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या पाहून स्टिअरिंग सावरतात. त्यांच्याही पोथीत अट आहेच: ही मदत आहे, चालक तुम्हीच. जिथे पट्टा पुसलेला आहे, जिथे दुचाकी उलट्या बाजूने येते, जिथे म्हैस रस्त्याच्या मधोमध रवंथ करीत बसली आहे, तिथे यंत्राने काय वाचावे? ताशी १०० ने जाताना दोन सेकंद फोनकडे पाहिले, तर मोटार ५५ मीटर आंधळी धावते. ती ५५ मीटर आपलीच जबाबदारी असतात.

एक गोष्ट मराठीचा शिक्षक म्हणून सांगितलीच पाहिजे. ही पोथी पुष्कळदा इंग्रजीतच मिळते, आणि ज्या घरी पगारी ड्रायव्हर असतो तिथे मोटार चालवणारा एक आणि पुस्तक वाचू शकणारा दुसरा, अशी ताटातूट होते. अशा मालकांनी एखादी दुपार ड्रायव्हरशेजारी बसून एकेक चित्र, एकेक बटण मराठीत सांगावे, आणि त्याने उभ्या आयुष्यात रस्त्यावर जे वाचले आहे तेही ऐकून घ्यावे. दोघांनाही नवे काही मिळेल.

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेला बहिणीकडे निघण्यापूर्वी एक अर्धा तास काढा. मोटार दारातच उभी असू द्या. मागच्या सीटकव्हरखालच्या कड्या वर काढा, डोके टेकायची उशी कानाच्या वरच्या टोकापर्यंत उचला, मिटवून ठेवलेला डावा आरसा उघडा, देवाला सुरक्षित जागी बसवा. पुस्तक मुलाच्या हाती द्या आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. मुलांना चित्रे लवकर समजतात, आणि एकदा समजली की बापाचा पट्टा राहिला तर ती गाडी पुढे हलू देत नाहीत.